लिंबू, मोगरा, कढीपत्ता तिन्ही पिवळे! खत कमी पडतंय की मातीच बिघडलीय?

गच्चीवरची
नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला राहते. गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. बाकीच्यांची तक्रार नाही, पण चौघांनी उन्हाळ्याच्या तोंडावर छळ मांडलाय. ड्रममधलं कागदी लिंबू, मोगरा आणि कढीपत्ता पिवळे पडत चाललेत, आणि टोमॅटोला बुडाशी काळा चट्टा येतोय. महिन्यातून एकदा गांडूळखत देते, अधूनमधून १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) पाण्यातून. नर्सरीत विचारलं तर सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली हातात ठेवली, ती फवारून झाली. शेजारच्या काकू म्हणतात ताक घाल. यूट्यूबवर एक जण फटकडी सांगतो, दुसरा गंजके खिळे पुरायला सांगतो. नेमकं काय कमी आहे हे ओळखायचं कसं, ते कुणी सांगेल का? बाटल्या ओतून कंटाळा आलाय.

निवांत
कढीपत्त्याला ताक. दुसरं काही नको. आमच्या सासूबाई वर्षानुवर्षं आंबट ताक घालतात, झाड पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलंय.

चहाटळ
झाड जमिनीत आहे की कुंडीत?

निवांत
जमिनीत. पण ताक ते ताकच ना.

मातीकाम
ताई, माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांबण लावणार. पण आधी माझेच प्रश्न. पिवळी झालेली पानं शेंड्याची, नवी आहेत की खालची, जुनी? शिरा हिरव्या राहिल्यात की शिरांसकट पान फिकं पडलंय? पाणी कुठलं? माती कुठून आणली? हे कळल्याशिवाय कुणी औषध सांगितलं तर ऐकू नका, मी सांगितलं तरी.

गच्चीवरची
काका, आत्ताच टॉर्च घेऊन वर जाऊन आले.
लिंबाची नवी पानं लहान, पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं वेगळीच दिसतात, टोक आणि कडा पिवळ्या, पण देठाजवळ उलट्या व्हीसारखा हिरवा तुकडा तसाच. मोगऱ्याची शेंड्याची पानं जवळजवळ पांढरट पिवळी, त्यात बारीक हिरवी जाळी. कढीपत्त्याचं उलट आहे: खालच्या काड्या शिरांसकट फिक्या होऊन गळतात, वरची पानं त्या मानाने बरी.
पाणी बोअरचं. बादलीला आतून पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल दरवर्षी बदलावी लागते. माती सोसायटीच्या बागेसाठी काळी माती आणली होती, त्यातलीच.

मातीकाम
अर्धं निदान तुम्हीच केलंत. आता सविस्तर.

झाडाच्या अंगात काही अन्नद्रव्यं हलती असतात, काही एकदा जिथे बसली तिथेच राहतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम हलती. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी खंगतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन हलत नाहीत. जुन्या पानात भरपूर असलं तरी शेंड्याला त्याचा उपयोग शून्य, म्हणून दुखणं वर दिसतं. जस्त, मँगनीज मधले, पण बहुधा वरच दिसतात. त्यामुळे पहिला प्रश्न कायम हाच, वरचं पान की खालचं.

कढीपत्ता: खालून, शिरांसकट, एकसारखा फिका. सरळसरळ नत्र कमी. कढीपत्ता खादाड आहे आणि आपण त्याची पानं तोडून नेतो. कुंडीही बघा, मुळ्यांनी गच्च भरली असेल.

मोगरा: वरून, हिरवी जाळी. लोह. शिरा आणि मधलं पान यांतली सीमा जितकी बारीक आणि रेखीव, तितकी लोहाची शंका पक्की.

लिंबू: वर लोह-जस्त दोन्ही, कारण पानंही लहान राहिलीत. खाली मॅग्नेशियम. देठाजवळचा तो हिरवा उलटा व्ही लिंबूवर्गात मॅग्नेशियमची ओळखच आहे.

पालाश कमी असता तर खालच्या पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या असत्या. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

मोगऱ्याला एक वेगळी तपासणी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर ठिपके पडून चालायला लागले तर तो लाल कोळी आहे, अन्नद्रव्यांचा इथे संबंध नाही. कोळ्याने रस शोषला की पान बारीक ठिपक्याठिपक्यांनी पिवळं होतं, जाळी दिसत नाही. फार लोक कोळ्यावर खत घालतात.

चहाटळ
आणि कोळ्यालाही बरं वाटतं.

मातीकाम
हसू नका, नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि कोळी खरंच वाढतो.

आता मुद्द्याचं. काळ्या मातीत लोह नाही असं होत नाही. दख्खनची काळी माती बेसाल्टपासून झालेली, त्यात लोह भरपूर. पण सामू, म्हणजे तुमचा पीएच, ८ च्या पुढे गेला की ते विरघळत नाही. सामू एक अंकाने चढला की विरघळणारं लोह साधारण हजार पटीने घटतं. म्हणजे रेशन दुकानात धान्य आलंय, पण मशीनवर अंगठा उमटत नाही. तुम्ही अजून धान्य ओतताय.

घरी करून बघा. कुंडीत चारेक बोटं खालची माती काढा, वाळवा, चुरा, त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे. मग दोन चमचे मातीत पाच चमचे डिस्टिल्ड पाणी (बॅटरीचं चालतं, एसीचं ठिबकणारंही चालेल), ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या निवळीत पीएचची पट्टी बुडवा. प्रयोगशाळेतही १:२.५ हेच प्रमाण असतं. बोअरच्या पाण्यात ही चाचणी करू नका, पाण्याचाच सामू मोजाल. आणि मातीत खुपसायचे दोन काट्यांचे स्वस्त मीटर घेऊ नका. माती ओली की कोरडी, यावरच त्यांचा काटा हलतो.

जांभाचिरा
पुणेकरांच्या धाग्यात रत्नागिरीकर घुसतोय. काका म्हणतात ते घाटावर बरोबर, पण खाली उतरून आमच्याकडे असं काही करू नका. आमची जांभ्याची माती आंबट, साडेपाच-सहाच्या आसपास. पाऊस एवढा कोसळतो की चुना, मॅग्नेशियम, पालाश सगळं धुऊन नेतो, आणि स्फुरद घातलं तर माती ते धरून बसते. आमच्या आईची चुलीची राख परसातल्या माडाला आणि अळवाला सोन्यासारखी लागू पडते. माझी पुण्याची बहीण इथून पिशवी भरून राख घेऊन गेली आणि तिचा मोगरा अजून पांढरा झाला. राखेने सामू चढतो, आमच्याकडे हवा असतो, तिच्याकडे नको असतो.

मातीकाम
अगदी. एकच राख, एका गावी खत आणि दुसऱ्या गावी दुखणं.

गच्चीवरची
काका, लिंबू पिळलं. माती चांगलीच फसफसली, आवाजसुद्धा आला! पट्टीचा रंग ८ आणि ९ च्या मधला. कागद झटकला, कोळी नाही. कढीपत्ता उपसला तर मुळ्या कुंडीच्या आकाराच्या, गोल गोल फिरलेल्या. प्रयोगशाळेत नमुना द्यावा का?

मातीकाम
द्या. कृषी विज्ञान केंद्र किंवा जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा. २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका सुरू झाली, तिच्यात १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. चुनखडीचं प्रमाण वेगळं सांगून मागून घ्या. खाली खताची शिफारस छापलेली असेल ती सोडून द्या, ती हेक्टरी असते, ड्रमला नव्हे.

वरूडचा_पट्टा
लिंबाचं ऐकून राहवलं नाही. आमच्याकडे संत्र्याच्या बागा. ताई, एक पान तोडा, मधल्या शिरेवर दुमडा आणि दोन्ही अर्ध्या बाजू ताडून बघा. पिवळेपणाची नक्षी दोन्हीकडे सारखी असंन तर अन्नद्रव्य. एका बाजूला इथं डाग, दुसऱ्या बाजूला तिथं, असा बेढब असंन तर ग्रीनिंग रोगाची शंका धरा. त्याला खत नाही न् औषध नाही. सायला नावाची बारकी कीड तो पसरवते, अन् ती कढीपत्त्यावर मजेत राहते. तुमच्याकडे दोन्ही झाडं शेजारी हायेत म्हणून सांगतो. कोवळ्या फुटीवर मेणचट पांढरे धागे दिसतात का बघा.

गच्चीवरची
भाऊ, दुमडून बघितलं, दोन्ही बाजू अगदी सारख्या. धागे नाहीत. जीव भांड्यात पडला.

वरूडचा_पट्टा
मग बरं. चुनखडीत जंबेरीच्या खुंटापेक्षा (खुंट म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते) रंगपूर लिंबाचा खुंट टिकतो, पुढचं कलम घेताना नर्सरीत विचारा. कागदी लिंबू बहुतेक बियांचंच असते, त्याला खुंटच नसतो.

टोमॅटोवाली
माझ्याही टोमॅटोला बुडाशी काळं! मी अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून घातली, काही फरक नाही.

मातीकाम
टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. गच्चीवरचीच्या मातीत ती मुळातच ढीगभर आहे, तरी तिच्या टोमॅटोचं बूड काळं. कॅल्शियम फक्त पाण्याच्या ओढीबरोबर चढतं. ओढ पानांची जोरात, फळाची कमी. कुंडी दुपारी वाळली, रात्री तुडुंब भरली, असं चाललं की त्या वेळात वाढणाऱ्या फळाच्या बुडाशी कॅल्शियम पोचत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. मोठी कुंडी, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, उन्हाळ्यात दोन वेळा थोडं थोडं पाणी. युरियाचा हात आखडता. काळं पडलेलं फळ सुधारत नाही, तोडून टाका. चिरून उरलेलं भाजीत चालतं.

निवांत
सगळं ठीक, पण ताकाचं उत्तर कुणी दिलं नाही. ताक आंबट, माती खारी. आंबटाने खारं मारलं जाणार नाही का?

मातीकाम
रिपोर्ट येऊ द्या, हिशेबच करू.

गच्चीवरची
रिपोर्ट आला. सामू ८.२, चुनखडी १० टक्के, सेंद्रिय कर्ब बरा, नत्र कमी, स्फुरद "अत्यंत जास्त", पालाश जास्त, लोह आणि जस्त कमी, क्षारता मध्यम. स्फुरद एवढं कुठून आलं? १९:१९:१९ मधून?

मातीकाम
त्यातून, आणि हाडांचा चुरा घालत असाल तर त्यातून. फुलांसाठी म्हणून लोक घालतच राहतात. जास्तीचं स्फुरद लोह आणि जस्ताला अजून अडवतं. १९:१९:१९ बंद.

आता निवांतताईंचं ताक. कुंडीत २० किलो माती धरा, १० टक्के म्हणजे २ किलो चुना. पेलाभर, २०० मिली ताकात दीडेक ग्रॅम लॅक्टिक आम्ल. ते पाऊण ग्रॅमच्या आसपास चुना मारेल. दोन किलो संपवायला अडीच हजारांवर पेले लागतील. तेही खरं नाही, कारण लॅक्टिक आम्ल मातीतले जिवाणू थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात आणि सामू परत होता तिथे.

चहाटळ
अडीच हजार पेले! त्यात गावजेवण उरकेल. कढीपत्ता फोडणीला तयार आहेच.

निवांत
मग आमचं झाड कसं वाढलं हो?

मातीकाम
जमिनीत आहे, मुळं खोल गेलीत, ताकातून थोडं नत्र मिळतं, आणि सासूबाई रोज झाडाशी जातात, छाटतात. ताक वाईट नाही. चुनखडीवरचं औषध मात्र नाही. उन्हाळ्यात कुंडीत घातलंत तर वास आणि चिलटं तेवढी येतील.

खिळे: गंज म्हणजे न विरघळणारं लोहच, मातीत ते आहेच. फटकडीने सामू उतरतो, पण पुन्हा पुन्हा घातली तर अल्युमिनियम साठतं, मुळांना ते विष. गंधक हा खरा उपाय, जिवाणू त्याचं आम्ल करतात, पण महिने लागतात आणि तोही आधी चुन्यावर खर्च होतो. २ किलो चुन्याला ६०० ग्रॅमच्या वर गंधक, म्हणजे कुंडीत जिप्समचा साठा. एवढ्या चुनखडीत गंधकाच्या नादी लागू नका. माती बदला. शेतकऱ्याला ती सोय नसते, कुंडीवाल्याला आहे, तिचा फायदा घ्या.

गच्चीवरची
काका, एप्रिलच्या उन्हात माती बदलू? लिंबावर फळं आहेत.

मातीकाम
नको. लिंबू आणि मोगरा जूनमध्ये, एक-दोन पाऊस झाल्यावर. तोवर पानांतून द्या. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला २ ते ३ ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्व, संध्याकाळी फवारा. खडे हिरवट असतील तरच घ्या, तपकिरी झाले असतील तर वाया गेले. दुकानदार चुकून मोरचूद देईल, ते निळं असतं आणि ते तांबं आहे, परत करा. लादीवर थेंब पडले तर गंजाचे डाग जात नाहीत, खाली पोतं अंथरा.

आणि सगळ्या झाडावर एकदम मारू नका. मोगऱ्याच्या एका फांदीवर फक्त हिराकस, दुसरीवर फक्त चिलेटेड जस्त (सेंद्रिय रेणूत बांधलेलं, म्हणून विरघळलेलं राहतं) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, तिसरी तशीच. फांद्यांना दोरे बांधा. आठ-दहा दिवसांत कुठली फांदी हिरवी होते ते झाडच सांगेल, माझ्यासकट कुणाच्या अंदाजावर विसंबायला नको. लिंबाच्या खालच्या पानांना मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम. पिवळं झालेलं जुनं पान पूर्ण हिरवं होईल अशी आशा ठेवू नका, पुढची पानं बघा.

कढीपत्ता आत्ताच मोठ्या कुंडीत हलवा, गोल फिरलेल्या मुळ्या बाहेरून कापा, सावलीत ठेवा. नवी फूट आली की अमोनियम सल्फेट लिटरला एक-दोन ग्रॅम, तीन आठवड्यांनी एकदा. नत्रही मिळतं आणि माती जरा आंबटाकडे झुकते.

शिकागोकर
इकडे लोह-चिलेटचं तीन प्रकारचं पाकीट मिळतं म्हणून सांगतो, भारतातही कृषी दुकानात मिळतं. ईडीटीए वालं साडेसहा सामूच्या पुढे मातीत टिकत नाही, डीटीपीए वालं साडेसातपर्यंत, ईडीडीएचए वालं नऊपर्यंत. ताईंच्या मातीत तिसरंच चालेल. पाण्यात टाकलं की लालभडक रंग येतो. ते मातीत द्यायचं, पानावर नाही, उजेडात विघटन होतं.

माझा कढीपत्ता खिडकीत असतो, जानेवारीत नवी पानं पिवळी पडतात. माझ्या पीट मिश्रणाचा सामू ६. पहिल्या हिवाळ्यात भरपूर लोह दिलं, काही झालं नाही. मुळं गारठली की घेतच नाहीत. कुंडी खिडकीच्या थंड दगडावरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवली आणि पाणी निम्मं केलं, मग मार्गी लागला. मे महिन्यात बाहेर ठेवला की आपोआप हिरवा.

मातीकाम
फार महत्त्वाचं बोललात. पाणी जास्त होऊन मुळं गुदमरली तरी अगदी हेच चित्र, शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या. म्हणून खत उघडण्याआधी कुंडीचं भोक उघडं आहे का बघावं.

जांभाचिरा
आणि पाण्याचं काय? माती बदलली तरी बोअरचं पाणी तेच.

मातीकाम
तोच तर चोर. पाण्यातलं बायकार्बोनेट दर शिंपणीला थोडा चुना टाकून जातं. चांगली लाल माती घातली तरी हेच पाणी देत राहिलात तर दोन-तीन वर्षांत सामू पुन्हा वर. टीडीएसच्या आकड्यावरून हे कळत नाही, पाण्याची अल्कधर्मीयता वेगळी तपासावी लागते. आरओचं टाकाऊ पाणी तर मुळीच नको, त्यात सगळं दाटलेलं असतं. पावसाचं साठवा. पुण्यात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी शंभर चौरस फूट पत्र्यावरून मोसमात सहा हजार लिटर मिळतं. एरवी बादलीत चिमूट चिमूट लिंबूसत्व घालत पट्टी बघा, साडेसहाला थांबा. याचाही परिणाम ताकासारखाच तात्पुरता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर निवांतताई पकडतील.

निवांत
पकडणारच होते.

गच्चीवरची
मंडळी, जून उजाडला, हकीकत देते. मोगऱ्याच्या हिराकसवाल्या फांदीवर गंमत झाली. पान एकदम हिरवं नाही झालं, जिथे जिथे थेंब बसला होता तिथे तिथे हिरवे ठिपके उमटले, मधली जागा पिवळीच! जस्ताच्या फांदीत काहीच नाही. लिंबाला मात्र दोन्ही लागू पडलं, नवी पानं मोठी आलीत. कढीपत्ता कापाकापीनंतर महिनाभर रुसला, सगळी पानं टाकली, मला वाटलं संपला. आता बुंध्यातून तीन जाड कोंब आलेत. टोमॅटोचा हंगाम संपला.

काल लाल माती आणली. नर्सरीत पोत्यावर लिंबू पिळलं, दुकानदार बघतच राहिला. पहिल्या पोत्याची माती फसफसली, दुसरीची नाही. दुसरी घेतली. त्यात गांडूळखत, धुतलेलं कोकोपीट आणि भाताची तूस घालणार. आता या काळ्या मातीचं काय करू? चार ड्रम आहे.

मातीकाम
कोकोपीट धुतलंत हे बरं केलंत, त्यात सोडियम-पालाश असतो आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. पहिले महिने मॅग्नेशियम सल्फेट चालू ठेवा.

वरूडचा_पट्टा
काळी माती टाकू नका. पावसात भोकाच्या ड्रममध्ये उघडी ठेवा, क्षार तरी धुपतील. चुना नाही जाणार, पण कण्हेर, बोगनवेल, शेवगा, अडुळसा यांना त्याचं काही वाटत नाही.

जांभाचिरा
नाहीतर रत्नागिरीला पाठवा. आमच्या आंबट मातीत मिसळू. भाडं तुमचं.

गच्चीवरची
शेवगा लावते एका ड्रममध्ये. पण तो गच्चीवर वाऱ्याने पडेल का हो?

वरूडचा_पट्टा
कमरेएवढा झाला की शेंडा खुडा, पुन्हा पुन्हा खुडत राहा. झुडूप होते, अन् पानं हाताशी येतात.